अधिक-उणे

कराडच्या शेडमध्ये मी पेट्या लावतो.
एका पेटीत पाच ओळी, ओळीत मीटरभर दगड,
मनगटाएवढा जाड, काकडीसारखा गोल,
वरच्या टोकाला निळा बाण.
बाण चुकला की इतिहास उलटा होतो, धोत्रे,
असं टेंबे मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या
आणि दुपारपर्यंत माझ्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

बाराशे मीटर नुसता काळा.
हा माझ्या ओळखीचा.
आबानं याचेच पाटे केले, जाती केली,
चाफळ, मल्हारपेठ, ढेबेवाडीचा बाजार,
गल्लीगल्लीत ओरडत, टाकी लावाऽ टाकी.
हातोडी टेकवून सांगायचा,
ह्यो फुटंल, ह्यो टिकंल, ह्येच्या पोटात पाणी हाय.
त्याच्या लेखी धरणीला तळ नव्हता.
खाली काय?
खालीबी काळाच.

पेट्यांत मात्र दगड थांबून थांबून येतो.
लाव्हा आला, निवला,
बोटभर तांबडी माती धरली,
पुन्हा आला.
चाळीसपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं.

आणि एका पेटीत, तिसऱ्या ओळीत,
काळा संपतो.
मध्ये वाळू नाही, गोटे नाहीत, माशाचा काटा नाही.
काळ्याला थेट चिकटून गुलाबी,
पट्ट्यापट्ट्यांचा,
कणकेत तिखट नीट मळलं गेलं नाही तसा.

वरचा सहा कोटी साठ लाखांचा, मॅडम म्हणाल्या.
खालचा दोनशे एकाहत्तर कोटींचा.
मधलं कुठं गेलं?
झिजून गेलं.
मी सांध्यावर अंगठ्याचं नख ठेवलं.
दोनशे चौसष्ट कोटी वर्षं
नखाखाली मावली, थोडी जागाही उरली.

पक्क्या बोलीला आपण म्हणतो,
काळ्या दगडावरची रेघ.
आणि हा काळा तर कालचा पोर.

गुलाबी कुटला, चाळला, पाण्यात पाखडला.
राहिले मिठाहून बारीक खडे, झिरकॉनचे.
आतल्या युरेनियमचं शिसं होत राहतं
आपल्या चालीनं,
वर डोंगर आला काय, धरण आलं काय.
एका खड्याच्या फोटोत कडेला साय दिसली.
म्हणजे मध्ये कधीतरी तो पुन्हा भाजला,
कडेनं नवं वय धरलं,
आतलं जुनं तसंच ठेवून.
आकड्यापुढे मॅडम लिहितात
अधिक-उणे साठ लाख.
एवढी चूक चालते? मी विचारलं.
ती चूक नाही, म्हणाल्या. तो प्रामाणिकपणा.

माझी जन्मतारीख एक जून सहासष्ट.
वर्गातल्या सव्वीस पोरांची एक जूनच.
खाडे गुरुजींनी एका दुपारी
आम्हा सगळ्यांना जन्म दिला.
आई म्हणायची, मोठ्या भूकंपाला तू पोटात हुतास.
पहाटं भिंत पडली
आन् तू आतनं लाथ मारलीस.
म्हणजे अडुसष्ट.
दाखल्यावर सहासष्ट.
म्हणून येत्या मे अखेर मी सुटतो,
दोन वर्षं आधी.

दुरुस्त का नाही केलं?
पुरावा काय देऊ मॅडम, आईची साक्ष कोण लिहून घेतो?
त्या हसल्या नाहीत.
लाथ जोराची होती का, विचारलं.
भूकंप अकरा डिसेंबरचा ना?
पेन्सिल कानामागून काढली,
नमुन्यांच्या वहीत, तशाच अक्षरात लिहिलं,
धोत्रे यल्लाप्पा. फेब्रुवारी अडुसष्ट.
अधिक-उणे सहा आठवडे.

माझ्या जागी नवा पोरगा आलाय, ढवळीकर.
कानात गाणी घालून पेट्या उचलतो.
दोनदा त्याचा बाण मी फिरवला.

काल शेड बंद करण्याआधी
आबाची हातोडी पिशवीतून काढली,
गुलाबीवर अगदी हलकी टेकवली.
आवाज ओळखीचा नव्हता.
पुन्हा टेकवली.
फुटंल की टिकंल,
सांगता येईना.